स्प्रिंगचा रोलर सनशेड : तार किती जाड, वेढे किती आणि आगाऊ फेरे किती

प्रश्न थोडक्यात असा आहे : खिडकी १.२ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच आहे. तिच्यासाठी दोरी नसलेला रोलर सनशेड स्वतः बनवायचा आहे. खाली ओढला की हवा तिथे थांबावा आणि हलका हिसका देऊन सोडला की आपोआप गुंडाळला जावा. आतापर्यंत दोन स्प्रिंगा वापरून झाल्या. एकीने कापड शेवटपर्यंत वर जात नव्हते, दुसरीने कापडाच्या खालच्या कडेची पट्टी ब्रॅकेटवर आपटत होती. यापेक्षा ‘जोरदार’ स्प्रिंग घ्यावी की ‘हलकी’?

घोळ ‘जोरदार’ या शब्दात आहे. या यंत्रणेत स्प्रिंगचे दोन आकडे असतात आणि ते वेगवेगळे ठरवावे लागतात. कापड पूर्ण गुंडाळलेले असतानाही स्प्रिंगमध्ये काही टॉर्क (फिरवणारा जोर, म्हणजे ओढ गुणिले त्रिज्या) शिल्लक असावा लागतो, हा पहिला आकडा. नळी एक फेरा फिरली की तो टॉर्क कितीने वाढतो, हा दुसरा. पहिला आकडा पडदा बसवताना स्प्रिंगला किती आगाऊ फेरे दिले यावर ठरतो, म्हणजे तो आपल्या हातात असतो. दुसरा तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरतो आणि स्प्रिंग बनली की कायमचा होतो. दुसऱ्यातली चूक पहिल्याने भरून काढायला गेले की तुम्हाला आले तेच दोन अनुभव आलटून पालटून येतात. (पुढे मी ‘वेढे’ म्हणेन ते स्प्रिंगच्या तारेचे, आणि ‘फेरे’ म्हणेन ते नळी किंवा पिन फिरवण्याचे.)

आधी भार काढा

स्प्रिंगकडे नंतर वळू. आधी तिला काय उचलायचे आहे ते मोजू.

अॅल्युमिनियमची नळी ३८ मिमी बाहेरच्या व्यासाची आणि १ मिमी जाडीची धरू. कापड ०.५ मिमी जाड, चौरस मीटरला ३०० ग्रॅम. खालची पट्टी मीटरला २५० ग्रॅम, म्हणजे १.२ मीटरला ३०० ग्रॅम. नळीवर दीड फेरा कापड कायम शिल्लक राहिले पाहिजे (कारण पुढे सांगतो), म्हणून एकूण कापड सुमारे १७०० मिमी लागेल.

पूर्ण गुंडाळल्यावरचा व्यास असा निघतो : नळीच्या व्यासाचा वर्ग, अधिक (४ × कापडाची जाडी × लांबी ÷ ३.१४), आणि या बेरजेचे वर्गमूळ. इथे १४४४ अधिक १०८२, वर्गमूळ साधारण ५०. म्हणजे गुंडाळलेल्या अवस्थेत त्रिज्या २५ मिमी आणि पूर्ण उलगडल्यावर शिल्लक दीड फेऱ्यासह सुमारे २० मिमी. दीड मीटर कापड खाली यायला नळीला ११ फेरे लागतात.

पडदा पूर्ण खाली असताना कापडाचे ५४० ग्रॅम आणि पट्टीचे ३०० ग्रॅम मिळून ८४० ग्रॅम, म्हणजे ८.२ न्यूटन, २० मिमी त्रिज्येवर लटकतात. टॉर्क साधारण १६५ न्यूटन-मिमी. पडदा पूर्ण वर असताना फक्त पट्टी लटकते : २.९ न्यूटन आणि २५ मिमी, म्हणजे ७४ न्यूटन-मिमी. यात घर्षण मिळवा. ८ मिमीच्या पोलादी पिनवर नायलॉनचे बुश असेल तर बेअरिंगचे घर्षण १५ न्यूटन-मिमीच्या आसपास राहते. खरे घर्षण स्प्रिंगच्या आत असते, कारण वेढे एकमेकांना आणि आतल्या दांड्याला घासतात. दोन्ही मिळून ४० धरा.

म्हणजे वर असताना गरज ११४ ची आणि खाली असताना २०५ ची. दोन्हींवर वीस-बावीस टक्के राखीव ठेवले की वर १४० आणि खाली २५० न्यूटन-मिमी मिळतात. फरक ११० चा आणि फेरे ११. म्हणून स्प्रिंग अशी हवी की दर फेऱ्याला टॉर्क १० न्यूटन-मिमीने वाढेल, आणि वर असताना १४० मिळावे म्हणून तिला आगाऊ १४ फेरे दिलेले असावेत. दुरुस्त व्हायला हवेत ते हे दोन आकडे : दर फेऱ्याला १० आणि आगाऊ १४.

या स्प्रिंगवर हाताला किती जोर पडेल तेही पाहून घ्या. ओढायला सुरुवात करताना ४ न्यूटनच्या आसपास, अगदी खाली पोचताना ६ च्या थोडे वर. म्हणजे ४०० ते ६५० ग्रॅम. एका हाताने, वाकडे न ओढता, आरामात जमते. राखीव टक्केवारी पन्नासवर नेली तर खाली हा जोर ९-१० न्यूटनपर्यंत जातो आणि माणूस पट्टी मध्यभागी न धरता कुठेतरी कोपऱ्यात धरून ओढतो. कापड तिरके गुंडाळायला तिथूनच सुरुवात होते.

आता स्प्रिंग

पिळाच्या स्प्रिंगचा दर फेऱ्यामागचा टॉर्क काढायचे सूत्र कारखान्यात रोज वापरतात तेच : पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक (२,०६,००० न्यूटन प्रति चौरस मिमी) गुणिले तारेच्या व्यासाचा चौथा घात, भागिले (१०.८ × वेढ्याचा मध्य व्यास × वेढ्यांची संख्या).

तार १.४ मिमी आणि मध्य व्यास २० मिमी घेतला की दर फेऱ्याला १० न्यूटन-मिमीसाठी ३६६ वेढे लागतात. वेढ्याला वेढा लागून असेल तर लांबी ५१३ मिमी, १.२ मीटरच्या नळीत सहज बसते. पूर्ण पीळ भरल्यावर, म्हणजे १४ अधिक ११ अशा २५ फेऱ्यांना, तारेवरचा ताण ९८० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या जवळ येतो. या जाडीच्या पियानो वायरची (स्प्रिंगांसाठीच्या उच्च प्रतीच्या पोलादी तारेची) ताणशक्ती २००० च्या आसपास असते. म्हणजे निम्म्याच्या आत आहोत. पडदा दिवसभर खाली राहिला तरी स्प्रिंग ‘बसणार’ (कायमची ढिली पडणार) नाही, आणि रोजची वरखाली वर्षानुवर्षे चालेल. साध्या हार्ड-ड्रॉन तारेत हेच प्रमाण साठ टक्क्यांजवळ जाते. तीही चालेल, पण माझी पसंती पियानो वायरलाच. किमतीतला फरक एका पडद्यामागे किरकोळ असतो.

सूत्रातला ‘चौथा घात’ मात्र विसरू नका. तार १.४ ऐवजी १.५ मिमी आली तर टॉर्क बत्तीस टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडची बरीच स्प्रिंगची वर्कशॉपे अजून गेजमध्ये (तारेच्या जाडीच्या जुन्या क्रमांकांत) बोलतात. १७ गेज म्हणजे १.४२ मिमी, हे आपल्या कामाचे. ‘१७ नाही, १६ देतो, चांगली मजबूत’ असे कोणी म्हणाले तर थांबवा. १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, तितक्याच वेढ्यांत सत्तर टक्के जास्त टॉर्क. १८ गेज, म्हणजे १.२२ मिमी, घेतली तर टॉर्क जवळजवळ निम्मा. तुमच्या दोन स्प्रिंगांची गोष्ट इथेच संपत असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्हींची तार मायक्रोमीटरने मोजा, वेढे मोजा आणि सूत्रात घाला. ऑर्डर देताना ‘आयएस ४४५४ भाग १ ची तार, व्यास १.४०’ (आयएस म्हणजे भारतीय मानक) असे कागदावर लिहून द्या. तयार स्प्रिंग हातात आल्यावर वेढे मोजायचा कंटाळा करू नका. दहा वेढ्यांची लांबी मोजून भागाकार केला तरी पुरतो.

पीळ भरताना स्प्रिंगचे दोन बदल होतात आणि दोन्हींना जागा लागते. एक, ती आवळते. २५ फेऱ्यांना मध्य व्यास २० वरून १८.७ वर येतो आणि आतली पोकळी १७.३ मिमी उरते. म्हणून आतला दांडा १४-१५ मिमीपेक्षा जाड नको. दोन, ती लांब होते. प्रत्येक फेऱ्याला एक वेढा वाढतो, म्हणजे २५ वेढे गुणिले १.४, साधारण ३५ मिमी. दोन्ही टोके घट्ट बांधून ही जागा दिली नाही तर वेढे एकमेकांवर चढतात, घर्षण दुप्पट-तिप्पट होते आणि पडदा अधूनमधून अडकत वर जातो. अशा वेळी लोक स्प्रिंगला दोष देतात आणि आणखी फेरे भरतात. त्याने वेढे अधिकच दाटतात. स्प्रिंगचे आतले टोक ज्या बुचाला पकडलेले असते ते नळीत ४०-५० मिमी अंतर सोडून रिबिट करा. वेढे बनवतानाच अगदी किंचित सुटे घेतले तर आणखी चांगले.

वेढ्यांची दिशा हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त होणारा घोटाळा आहे. पडदा खाली ओढताना स्प्रिंग आवळली पाहिजे. उलट्या दिशेची स्प्रिंग बसली तर ती उकलत जाते, फुगून नळीला घासते आणि टोकाचा आकडा बुचातून निसटतो. तपासायला सोपे आहे : एक टोक पक्कडीत धरा, दुसरे टोक पडदा उतरताना नळी ज्या दिशेने फिरेल त्या दिशेने हाताने पिळा. स्प्रिंग बारीक झाली तर बरोबर. कापड नळीच्या मागून उतरते की पुढून, यावर ही दिशा उलटते. म्हणून कापडाची बाजू आधी ठरवा. नंतर बदलायची वेळ आली तर नवी स्प्रिंग करायची गरज नाही. अख्खी नळी उलटी फिरवून खटक्याचे (पडदा थांबवणाऱ्या यंत्रणेचे, तिच्याबद्दल पुढे) टोक डावीकडचे उजवीकडे न्यावे लागते, आणि कापड त्याप्रमाणे पुन्हा चिकटवावे लागते.

टोके तुटतात ती नेहमी वाकवलेल्या जागी. तारेला काटकोनात कडक वळण देऊ नका. वळणाची आतली त्रिज्या निदान तारेच्या व्यासाइतकी हवी. त्याहून चांगला उपाय म्हणजे आकडाच टाळणे. बुचावर आटे पाडायचे आणि स्प्रिंगचे शेवटचे सात-आठ वेढे त्यावर स्क्रूसारखे चढवायचे. पीळ वाढेल तशी पकड घट्ट होते.

स्प्रिंगला आत लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. फार नको, उन्हात नळी तापली की पातळ होऊन कापडाच्या कडेला डाग पडतो. दांड्यावर प्लॅस्टिकची नळी चढवली तर पडदा वर जाताना येणारा खडखडाटही जातो.

खटका : पडदा थांबतो कसा

अमेरिकेत स्टुअर्ट हार्टशॉर्न यांनी १८६४ मध्ये स्प्रिंगच्या रोलरचे पेटंट घेतले. साध्या पडद्यांत आजही दिसणारी खटक्याची जुनी रचना जवळून पाहण्यासारखी आहे.

नळीच्या एका टोकातून चपटी पिन बाहेर येते. ती ब्रॅकेटच्या खाचेत बसते, म्हणून फिरत नाही. स्प्रिंगचा आतला दांडा याच पिनेला जोडलेला असतो. पिनेवर, नळीच्या तोंडाशी, एक लहान चकती असते आणि तिला खाच असते. खाचेची एक बाजू उभी, दुसरी उतरती. नळीच्या टोपणावर समोरासमोर दोन छोटे खटके सैल खिळ्यांवर लोंबतात. नळी हळू फिरत असेल तर वरच्या बाजूला आलेला खटका स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि चकतीवर टेकतो. खाली ओढताना तो उतरत्या बाजूवरून टकटक करत निघून जातो. ओढणे थांबवून हात किंचित सैल केला की नळी उलटी फिरू पाहते आणि खटका उभ्या बाजूला अडतो. पडदा थांबला. खटके दोनच आणि खाच एकच, म्हणून अर्ध्या फेऱ्यावर एक थांबा मिळतो, म्हणजे सहा-सात सेंटिमीटरवर. याहून बारीक थांबे हवे असतील तर दोन खाचा करा.

सोडवताना पडदा दोन-तीन सेंटिमीटर खाली ओढायचा, म्हणजे खटका खाचेतून सुटतो, आणि लगेच हात ढिला करायचा. नळी वेगाने फिरू लागली की खटके केंद्रापासून बाहेर फेकले जातात आणि खाचेत पडत नाहीत. किती वेग लागतो? खटक्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून १२ मिमीवर असेल तर सेकंदाला साडेचार फेरे, म्हणजे कापडाचा वेग सेकंदाला सुमारे ६० सेंटिमीटर. वेग याहून जास्त असला की पडदा निघून जातो, कमी झाला की थांबतो. ‘हिसका द्या पण सोबत धरून नेऊ नका’ असे सांगतात त्याचे कारण हेच. हळूच सोडले तर पुढच्याच खाचेत तो अडतो. आणि राखीव टॉर्क फार कमी ठेवला तर पडदा हा वेग गाठूच शकत नाही, अर्ध्यावर खटका पडतो.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. खटक्याला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. धूळ चिकटते, खटका जड होतो आणि वेळेवर पडत नाही. बाहेर आलेले ग्रीस पेट्रोलने पुसून कोरडे ठेवा. खटक्याचा खिळा सैलच हवा. तो घट्ट ठोकणे म्हणजे यंत्रणा बंद पाडणे. आणि ही रचना फक्त आडव्या अक्षावर चालते. नळी उभी बसवली, उदाहरणार्थ कापड आडवे सरकवायचे असेल, तर गुरुत्व खटक्याला चकतीकडे आणत नाही. तिथे स्प्रिंगने दाबलेला खटका किंवा टोकाला अडकवायचा हूक लागतो.

चपट्या पिनेची खाचेतली सैल बसणी हाही नेहमीचा आजार. पिन ३ मिमी जाड आणि खाच ३.८ मिमी असेल तर प्रत्येक थांब्याला पिन थोडी फिरून आपटते, कोपरे गोल होतात आणि शेवटी ती खाचेतून निसटते. फट ०.२ मिमीपेक्षा जास्त नको.

नळी आणि कापड

१.२ मीटरला ३८ × १ मिमीची नळी भरपूर आहे. नळी, स्प्रिंग, कापड, पट्टी मिळून सुमारे १.७ किलो भार धरला तर मध्यभागी झोल पाव मिलिमीटरच्या आसपास येतो. पण झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. हीच नळी २.४ मीटरला वापरली तर तो सोळापट, म्हणजे ४ मिमीच्या पुढे जातो आणि कापडावर मधोमध ‘व्ही’च्या आकाराच्या सुरकुत्या दिसू लागतात. त्या सुरकुत्या कापडाच्या नसतात, नळीच्या असतात. इस्त्री करून जात नाहीत. रुंदी दीड मीटरच्या पुढे गेली की ५० मिमीची नळी घ्या.

कापड नळीवर चिकटवताना आधी नळीवर अक्षाला समांतर रेघ मारा. ती मारायला सोपा मार्ग : नळी सपाट टेबलावर ठेवायची, शेजारी सरळ पट्टी टेकवायची आणि तिच्या कडेने ओढायची. दुहेरी टेप या रेघेवर. टेपवर भार येत नाही तो त्या दीड फेऱ्यांमुळे. कापड आणि नळी यांच्यातले घर्षण ०.३ धरले तर दीड फेऱ्यांत ओढ सतरापट कमी होते, टेपवर जेमतेम अर्धा न्यूटन पोचतो. दीड फेरा वाचवायला गेलात तर पहिल्याच उन्हाळ्यात गोंद मऊ पडतो आणि पडदा हातात येतो.

कापड गुण्यात, म्हणजे चारी कोपरे काटकोनात, कापलेले असणे हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचे. दोन्ही कर्ण मोजा. दीड मीटर उंचीला कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा कापा. पॉलिस्टर गरम पात्याने कापले की कडेचे धागे सुटत नाहीत. कडा शिवून दुमडू नका. शिवणीपाशी जाडी दुप्पट होते, बारा थरांनंतर कडेचा व्यास मधल्यापेक्षा कितीतरी मोठा होतो आणि कापड मधोमध ढिले पडते.

बसवणे आणि आगाऊ फेरे देणे

दोन्ही ब्रॅकेट पाणसळीत हवीत. १.२ मीटरला एक मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार नको. खिडकीच्या चौकटीवर विसंबू नका, चौकटी क्वचितच पाणसळीत असतात. गोल पिनेचे ब्रॅकेट आधी, चपट्या खाचेचे नंतर, आणि नळी आडवी दोन मिलिमीटर हलेल एवढी मोकळीक ठेवा.

आगाऊ १४ फेरे देण्याची हाताला सोपी रीत अशी. कापड पूर्ण गुंडाळलेले आणि स्प्रिंग रिकामी, अशी नळी ब्रॅकेटमध्ये बसवा. पट्टी धरून बरोबर एक मीटर खाली ओढा आणि खटका पडू द्या. या पडद्यात एक मीटर म्हणजे सात फेरे. आता नळी तशीच आडवी ठेवून ब्रॅकेटमधून काढा. खटका पडलेला असल्यामुळे स्प्रिंगमधला पीळ तसाच राहतो. उलगडलेले मीटरभर कापड हाताने नळीवर गुंडाळा, कडा जुळवून, आणि नळी परत बसवा. हे दोनदा केले की १४ फेरे भरले.

काढताना नळी उभी धरू नका. खटका सुटला तर चपटी पिन भोवऱ्यासारखी फिरते. तिच्या कडा धारदार असतात, बोटाला चांगली जखम होते. पिनेला पक्कड लावून फेरे देत असाल तर पक्कड सुटू न देण्याची व्यवस्था आधी करा, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि चेहरा पिनेच्या समोर आणू नका.

काय बिघडले ते पडदा कुठे थांबतो यावरून ओळखा

तुमच्या दोन्ही तक्रारींचे उत्तर या भागात आहे.

पडदा खालून झोकात निघतो पण वरचे वीस-तीस सेंटिमीटर राहतात. म्हणजे आगाऊ फेरे कमी आहेत. एक-एक फेरा वाढवत जा. प्रत्येक फेऱ्याने वरच्या टोकाला पट्टीवर ४० ग्रॅमची ओढ वाढते. तीन-चार फेऱ्यांत काम व्हायला हवे.

पडदा अगदी खालून उचलला जात नाही, पण हाताने अर्ध्यापर्यंत आणला की पुढे झपाट्याने जाऊन आपटतो. इथे फेरे वाढवणे ही चूक आहे. खालची अडचण सुटेल, पण वर आपटणे दुप्पट होईल. ही स्प्रिंग फार मऊ आहे, तिचा दर फेऱ्यामागचा आकडा कमी आहे. वेढे कमी करा. ३६६ ऐवजी ४५० वेढ्यांची स्प्रिंग आली असेल तर ८४ वेढे कापून टाका, टोक पुन्हा बुचावर चढवा आणि आगाऊ फेरे नव्याने मोजून द्या. कापल्याने स्प्रिंग कडक होते, ढिली नाही, हे लक्षात ठेवा.

पडदा ओढायला जड, खाली तर फारच, आणि वरची ओढ मात्र ठीक. स्प्रिंग फार कडक आहे. तार मोजा. बहुधा एक गेज जाड निघेल.

सगळे आकडे बरोबर असूनही पट्टी वर आपटते, याला एक साधे कारण आहे. वर धरलेल्या हिशेबात भार आणि घर्षण वजा जाता सरासरी ३५ न्यूटन-मिमी टॉर्क अकरा फेरे काम करतो. ही ऊर्जा साधारण २.४ ज्यूल. मधे काहीच अडवले नाही तर पट्टी शेवटी सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने पोचते. पडदा सुटल्यावर शेवटच्या टप्प्यात, खटका पडेल इतका वेग न उतरवता, हाताने सोबत केली तर प्रश्न येत नाही. मुले, म्हातारी माणसे वापरणार असतील तर नळीच्या दुसऱ्या टोकात सिलिकॉन ग्रीसचा फिरता डँपर (वेग आवरणारा भाग) बसवा. डँपर घेतलात तर वेग ६० सेंटिमीटरच्या खाली जातो आणि जुना गुरुत्वाचा खटका अर्ध्यावर पडायला लागतो, म्हणून दोन्ही एकत्र चालत नाहीत. डँपरबरोबर एकदिश क्लच किंवा ओढल्यावर कुलूप बदलणारी खोबणीची रचना लागते. तयार ‘सॉफ्ट राइज’ संच याच कारणाने महाग असतात. घरगुती कामाला पट्टीच्या दोन्ही टोकांना रबराची टोपी आणि शेवटी हाताची सोबत पुरते.

कापड एका बाजूला सरकत गुंडाळले जाते. आधी पाणसळ, मग कर्ण तपासा. दोन्ही ठीक असतील तर कापड ज्या बाजूला सरकते त्याच्या विरुद्ध टोकाला, नळीवर थेट, कागदी टेपचा पाच-सात सेंटिमीटरचा एक तुकडा लावा. कापड जाड बाजूकडे सरकते, तुकडा त्याला परत ओढतो. एकावेळी एकच थर, मग तीनदा वरखाली करून पाहा.

गॅलरीत, छतावर किंवा गाडीत लावणार असाल तर

वरचा सगळा हिशेब खिडकीच्या आतल्या, लोंबत्या पडद्याचा आहे. बाहेर लावलेला पडदा ऊन काचेपर्यंत येण्याआधीच अडवतो, त्यामुळे खोली जास्त गार राहते. पण बाहेर वारा आहे. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन. आपल्या १.८ चौरस मीटर कापडावर तो १०८ न्यूटन, म्हणजे ११ किलो होतो. स्प्रिंगची ओढ यापुढे काहीच नाही. बाहेरच्या पडद्याला खाली दोन्ही कोपऱ्यांत हूक आणि शक्यतो कडेने ताणलेली स्टीलची तार हवीच, आणि जोराचा वारा सुटला की तो गुंडाळून ठेवायचा. कापड भोके असलेले पीव्हीसी-लेपित जाळीचे घ्या. सुती कॅनव्हास पावसात पाणी पितो, जड होतो, आणि ओला गुंडाळला की दोन दिवसांत काळे ठिपके धरतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर साधी पोलादी स्प्रिंग खाऱ्या हवेत गंजते. तिच्यावर जस्ताचा इलेक्ट्रोप्लेटिंगचा मुलामा देऊ नका. त्या प्रक्रियेत तारेत हायड्रोजन शिरतो आणि इतक्या कडक तारेची स्प्रिंग एखाद्या रात्री ताणावर असतानाच तुटते. स्टेनलेसची स्प्रिंग-तार घ्या. तिचा गुणांक थोडा कमी, १,९३,००० च्या आसपास, म्हणून त्याच टॉर्कसाठी ३६६ ऐवजी ३४३ वेढे.

काचेच्या छताखाली आडवा लावायचा असेल तर हिशेब मुळापासून बदलतो. कापड लोंबत नाही, मधे झोल खाते. दीड मीटरच्या अंतरात झोल ३ सेंटिमीटरवर ठेवायला कापडात ३३ न्यूटनची ओढ लागते, म्हणजे नळीवर ६६० न्यूटन-मिमी. १.४ मिमीची तार एवढा टॉर्क देऊच शकत नाही, त्याआधी तुटेल. तिथे जाड तार, मोठी नळी आणि कापडाला मधे आधार देणाऱ्या तारा लागतात.

गाडीच्या मागच्या काचेचा सनशेड याच्या उलट आहे. नळी खाली, कापड वर ओढायचे. कापडाचे आणि पट्टीचे वजन इथे गुंडाळायला मदतच करते, म्हणून आगाऊ फेरे फक्त घर्षण आणि काचेच्या उतारापुरते द्यायचे. त्यात खटका नसतो, वरचे हूक पडदा धरून ठेवतात. गाडी खड्ड्यात आदळली की हूक सुटू नये म्हणून त्याची चोच मागे, ओढीच्या विरुद्ध दिशेला किमान दहा अंश झुकलेली ठेवा. बारीक नळीमुळे स्प्रिंगचा मध्य व्यास आठ-दहा मिमीवर येतो, आणि मध्य व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वेढ्यांत टॉर्क दुप्पट होतो. म्हणून खिडकीच्या पडद्याची तार गाडीत उचलून वापरू नका. वरच्या सूत्रात नवे आकडे घालून तार पुन्हा निवडा.